पाचवी ब

घंटा झाली की सिद्राम दप्तर उचलतो.
पहिल्या तासाला. दुसऱ्यालाही.
पट्टे खांद्यावर, दाराशी उभा,
"बाई, सुटली ना?"
वर्ग हसतो. मी फळा पुसत राहते,
पुसायला काही नसलं तरी.

चौथीपर्यंत दत्तवाडीच्या शाळेत
घंटा दिवसातून तीनदाच व्हायची :
भरली, खिचडी, सुटली.
मधे एकच खोली, एकच बाई,
आणि गणित कुठे संपलं, कविता कुठे सुरू झाली
ते बाईंनाही सांगता आलं नसतं.
इथे, म्हात्रे पुलाच्या या बाजूला,
आठ तास, सात शिक्षक, तीन मजले,
जिन्यात मिसरूड फुटलेली मुलं,
आणि पेन्सिलीऐवजी पेन.

पेनाचं मला कळलंच नव्हतं.
वही दोन दिवस कोरी.
तिसऱ्या दिवशी खाली बघून म्हणाला,
"चुकलं तर हे पुसलं जात नाय."

दाखल्यावर लिहिलंय : वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक.
माझ्याकडच्या बावन्न दाखल्यांवर हेच लिहिलंय.
शेवटी फोन लावला.
ढमढेरेबाई कुकरच्या शिट्टीवर आवाज चढवून म्हणाल्या,
"सिद्राम होय! अहो, तो हात वर करत नाही.
उत्तर येत असलं की डाव्या कानाची पाळी धरतो.
बाकी काही नाही. खिडकीपाशी बसवा जरा."

हे त्या कुठल्या रकान्यात लिहिणार होत्या?

दुसऱ्या दिवशी भूगोल बाजूला ठेवला.
सगळ्यांना घेऊन फिरले : नळ, संडास, ग्रंथालय,
शिपाईमामांचं स्टूल,
दहावीवाल्यांचा जिना कुठला, आपला कुठला.
मग फळ्यावर मुद्दाम एक शब्द चुकले
आणि दाखवलं, पेनाची चूक कशी खोडतात :
एक आडवी रेघ. गिरवायचं नाही.
खालचं दिसलं तर दिसू द्यायचं.

गुरुवारी भागाकार.
एकशे चव्वेचाळीस भागिले नऊ.
खिडकीपाशी डावा कान, दोन बोटं.
मी नाव घेतलं नाही, नुसतं पाहिलं.
"सोळा," तो म्हणाला, कान न सोडता.

घंटा झाली. तो उठलाच.
दप्तर मात्र बाकावर.
इकडेतिकडे बघितलं,
आणि बसला.

रात्री एक जुनी डायरी काढली,
पुढच्या वर्षीच्या सहावीच्या सरांसाठी.
बावन्न नावं लिहून काढली.
एकापुढे लिहिलं : डावा कान.
एक्कावन्न अजून कोरी आहेत.