दुपारची फेरी, खसब

दिवसातून दोन फेऱ्या, आणि दोन्ही फेऱ्यांत
नांगर उचलला की मी माइकवर म्हणतो :
अरबस्तानच्या नॉर्वेमध्ये आपलं स्वागत आहे.
सहा वर्षं म्हणतोय.
नॉर्वे मी पाहिलंय ते ऑफिसातल्या कॅलेंडरवर,
तेही फेब्रुवारीपुरतं; पुढची पानं कुणी उलटलीच नाहीत.

डावीकडे पाहा, डोंगर थेट पाण्यात उतरलेला.
उजवीकडे पाहा, तसाच.
थरांवर थर, तिरके,
वह्यांची चवड कलंडून तशीच राहावी तसे.
गवताची काडी नाही.
तीन घरं, काही शेळ्या, आणि त्यांच्यासाठी
प्यायचं पाणी घेऊन येणारी बोट.
इथे लोक राहतात? सगळे विचारतात.
राहतात, म्हणतो मी, आणि डॉल्फिनकडे वळतो.

डॉल्फिन आणायचं काम मुसब्बहचं.
सुकाणूला पायाचा अंगठा लावून तो शीळ घालतो,
कुमझारीत त्यांना काहीतरी सांगतो.
येतात.
काय सांगतो ते मला अजून सांगितलेलं नाही.

काल दुपारच्या फेरीला एक बाई होत्या, पंच्याहत्तरीच्या.
नाव राग्नहिल्ड. नावात राग, चेहऱ्यावर औषधालाही नाही.
गाव वार्दो. नॉर्वेचं अगदी वरचं टोक,
झाडांनी हात टेकले त्याच्याही पुढे;
हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवायचं नाव घेत नाही.
म्हणजे खऱ्या नॉर्वेची बाई, आणि माझं स्वागत ऐकून बसलेली!
माइक बंद केला. जवळ जाऊन विचारलं,
दिसतं का हो तसं?

त्यांनी बराच वेळ पाहिलं. टोपी सावरली.
म्हणाल्या, आमचे डोंगर ओले असतात.
हे वाळत घातलेत.

एवढंच. फोटो एकही नाही.
टेलिग्राफ बेटापाशी बाकीचे पाण्यात उड्या टाकत होते,
या गालिच्यावर बसून खजूर खात होत्या, मोजून तीन.
मला वाटलं, गेली आपली बक्षिशी.

परतताना बंदराच्या अलीकडे वारा फिरला.
किनाऱ्यावर तारली पसरलेली, लांबच लांब,
चांदी सांडून कुजावी तशी.
इथे नेहमी मी इंजिनाला घाई करायला लावतो,
पाहुण्यांची नाकं मुठीत जायच्या आत.
काल विसरलो.

बाई उठल्या. कठड्याला दोन्ही हात.
डोळे मिटून छातीभर श्वास घेतला
आणि आपल्या भाषेत काहीतरी बोलल्या, कुणाशीच नाही.
मग मला : आमच्याकडे कॉड. लाकडी मांडवांवर. गावभर.
माझ्या आईच्या केसांना
असं म्हणून हात डोक्याकडे नेला, वाक्य तिथेच राहिलं.

मी म्हणालो, आमच्याकडे बोंबील. वलांडीवर.
वलांडीला दुसऱ्या कुठल्या भाषेतला शब्द येईना,
मग हवेतच दोन खांब पुरले, दोरी ताणली,
जबड्यात जबडा अडकवून दोन बोंबील टांगले.
त्या हसल्या. माझ्याच दोरीवर
त्यांनी शेपट्या बांधून एक जोडी लटकवली.
मुसब्बह म्हणाला, दोघांनाही ऊन लागलंय.

उतरताना त्यांनी हातावर नाणं ठेवलं, मधोमध भोक असलेलं.
खसबमध्ये ते कुठेच चालत नाही,
अब्दुरहिमानच्या चहालाही नाही.
रात्री मुसब्बहने ते गळाच्या दोरीत ओवलं.
शिशाएवढं जड नाही, म्हणाला,
पण बुडतं.