आधाराशिवाय बसतो का

गावातल्या एकेचाळीस लेकरांचं
मी पेनानं भरते.
मान धरली, हो. पालथं पडलं, हो.
वनमाला उइकेच्या चिमीचं तर उभ्या उभ्या भरलं,
ती रजिस्टरवरूनच रांगत गेली
आणि पान चुरगळलं.

बेचाळिसावं नाव सुगतचं.
आईच्या रकान्यात मी,
सेविकेच्या सहीतही मी.
ते शिसपेनानं भरते.

चौदा महिने.
कार्डावरचं बाळ आठव्यात बसतं,
दहाव्यात खाट धरून उभं राहतं,
मग चालत चालत कागदाच्या घडीपर्यंत येतं.
घडीच्या अलीकडे माझा सुगत उताणा,
पंख्याकडे बघून हसतोय.
हसण्याचा रकाना त्यानं वेळेत भरलाय.

सासू म्हणते, त्याचा बापबी दोन वर्साचा होऊन चालला,
आता राहते का त्याचा पाय घरात?
शेजारीण म्हणाली, गरवार होतीस तवा गिरणात काई चिरलं होतं का वं?
मी, जी दर बुधवारी बायांना सांगते
असं काही नसतं म्हणून,
रात्रभर आठवत बसले,
वांगी चिरली होती का,
आणि त्या साली ग्रहण तरी होतं का.

वाघाडे सुतारानं न सांगता पांगुळगाडा करून दिला.
सागाची तीन चाकं. पैसे घेतले नाहीत.
दारामागं उभा आहे,
त्याच्या दांडीवर दुपटी वाळतात.

दिवाळीनंतर कापूस आला,
पुढची खोली आढ्यापर्यंत पांढरी.
ढिगात खळगा करून मी सुगतला ठेवलं
आणि तो बसला.
पाठीशी कापूस, कुशींना कापूस,
मधे त्याचं तोंड, एखाद्या पाटलासारखं.
ह्यांनी फोटो काढून मामाला पाठवला.
त्या रात्री मी पेन उघडलं,
'हो'मधला ह काढला,
आणि थांबले.
बसलं कोण? हा, की कापूस?

पुढच्या आठवड्यात गाडी भरून माल जिनिंगला गेला.
खोलीत चार सरक्या आणि आम्ही दोघं.
सुगत सावकाश कलंडला,
नीट न टेकवलेलं पोतं कलंडतं तसा.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी
त्याच्या तळव्यावरून किल्लीचं टोक ओढलं,
पाय सोडून पाहिले.
अंग सैल आहे म्हणाल्या. तपासण्या करू.
नाव आत्ताच सांगत नाही कशाचं.
मऊ काही नको खाली, घट्ट जमीन हवी,
दिवसातून दहादा पालथा टाका, रडला तरी.
आणि इतका उशीर का केला?
मी अंगणवाडीत असते,
हे मी सांगितलं नाही.

आता सारवलेल्या भुईवर तो पालथा.
रडतो. शेंबूड, लाळ, शेणाचा हिरवा डाग गालाला.
समोर मीही पालथी, हनुवटी भुईला.
इथून घर वेगळंच दिसतं:
कोठीखाली कधीचा हरवलेला चमचा,
पांगुळगाड्याची कोरी चाकं,
दाराच्या फटीतून कोंबडीचे पाय येतात, जातात.
पाय दिसले की तो मान उचलतो.
मी मोजते.
परवा सात झाले होते. काल चार.
आज कोंबडीच आली नाही.

रकान्यात मी पेनानं लिहिलं, नाही.
अक्षर चांगलं आलं.
समासात लिहिलं, कोंबडीसाठी मान उचलतो, सात अंक.
सुपरवायझर मॅडम म्हणाल्या,
समासात काही लिहायचं नसतं.

संध्याकाळी चिमी डुलत डुलत दारात आली,
नवेच पाय तिचे, अजून तिलाही भरवसा नाही.
आम्हा दोघांना भुईवर पाहिलं,
खेळ असेल असं वाटलं तिला,
आणि तीही आमच्यात येऊन
पालथी पडली.