काळ्या दारासाठी पॅड

गाडी काळी. काळी म्हणजे वैताग.
पांढऱ्यावर लपतं, चंदेरीवर खपतं,
काळा रंग सगळं बोलून टाकतो,
पाहुण्यांसमोर लहान पोर बोलतं तसं.

शिरगोपीकरांनी ती चेंबूरहून आणली
पाइप रोडवरच्या आमच्या गाळ्यात,
डाव्या दारावर चादर टाकून.
सोसायटीत पार्किंगवरून धुसफूस होती म्हणे,
आणि कुणीतरी किल्लीने दारावर कोरलं: हलव.
तीन अक्षरं. शिरोरेघेसकट.
"मीच घासलं मग," ते म्हणाले, "रात्री,
हजाराचा कागद आणून. कोरडाच."

कोरडा.
परकारचाचांनी डोळे मिटून घेतले.

शब्द गेला होता. त्या जागी
राखेचा एक ढग, पाटाएवढा,
त्यात हजार बारीक रेघा, वाट्टेल तशा.
आधी मी पाणी मारून दोन हजाराचा कागद फिरवला,
मग तीन हजाराचा,
रेघा एका दिशेला वळवल्या,
केस विंचरावेत तशा.
आता पॅड.

खिळ्यांवर तिघं लटकलेले.
लोकरीचा: केसाळ, अधाशी,
दोन मिनिटांत कापतो आणि जाताना
स्वतःच्याच गोल खुणा मागे सोडतो,
उन्हात त्या फेर धरून नाचतात.
नारिंगी फोम: दाबला तर पावासारखा,
पण शिळ्या पावासारखा, जरा हट्टी.
आणि काळा, मऊ,
जो काहीच करत नाही असं वाटतं.

पहिल्या वर्षी मी लोकरीच्या मागे धावले होते.
एका लाल बॉनेटची कड जाळली,
खालचा करडा प्रायमर उघडा पडला.
तो करडा मला अजून झोपेत दिसतो.
कडेला रंग पातळ असतो, चाचा म्हणाले होते,
माणूसही कडेलाच आधी झिजतो.
मग लगेच म्हणाले, चहा सांग.

"लोकरीचा लावा ना," शिरगोपीकर म्हणतात,
"मला सहाला निघायचंय."
मी टेपने वीतभर चौकोन आखते.
सगळ्यात मऊ आधी.
वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीन चारवर,
आडवं, उभं, आडवं, उभं.
तळहात लावून बघायचा, दाराला ताप आलाय का.
स्पिरिटने पुसायचं,
कारण पॉलिशचं तेल खोटं बोलतं,
रेघांत बसून म्हणतं, सगळं ठीक आहे.
पुसलं. ठीक नव्हतं.

मग नारिंगी. तिसऱ्या फेरीला
ढगातून ट्यूबलाइट उगवली,
मग पंखा, मग माझं नाक.
एवढंच पुरे. लोकर खिळ्यावरच राहिली.
शेवटी काळा, धुकं पुसायला.
आता कळतं, तो काय करतो.

"म्हणजे ओरखडे निघाले?"
निघत नसतात, काका.
ओरखडा म्हणजे खड्डा. तो कोण उपटणार?
आजूबाजूची जमीन आपण खाली आणतो,
खड्ड्याच्या तळाइतकी.
सगळं दार थोडं थोडं हरतं,
म्हणून ते गुळगुळीत दिसतं.

पण 'ल'चा एक काना-कोपरा
टॉर्च तिरकी धरली की दिसतच होता.
चाचांनी नख फिरवलं. नख अडलं.
"सोडून दे," म्हणाले,
"अजून घासलंस तर पारदर्शक थर संपेल,
मग रंग, मग पत्रा,
मग पलीकडे हे बसलेले दिसतील."

शिरगोपीकर वाकले, गुडघ्यावर हात ठेवून.
"कुणाला दिसेल का?"
"ज्याने लिहिलंय त्याला," चाचा म्हणाले.

ते बराच वेळ तसेच वाकून होते.
मग पैसे मोजले, खिशातून किल्ली काढली.
तिच्या टोकाला पांढरा रंग होता, ताजा,
दाताएवढा.
चुना असेल.

गाडी गेली. चाचा काही बोलले नाहीत.
मी नारिंगी पॅड बादलीत पिळला,
काळं पाणी आलं,
पुन्हा पिळला, पुन्हा काळं.
पांढऱ्या गाडीला कुठला लागेल,
याचा विचार करत मी तो वाळत घातला.