नावेचा तळ

वैशाखात नदी काठापासून दूर गेली
तेव्हा नाव ओढून वर घेतली, पालथी घातली.
भेगांत ताग ठोसला, डांबर फासलं,
बिजाच्या दोन फळ्या नव्या मारल्या.
राहिलं एवढंच, आत खाली काय अंथरायचं.

पवनीला मुनघाट्याच्या दुकानात
प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या भिंतीला टेकून उभ्या.
एकीवर संगमरवर, एकीवर सागवान,
एकीवर गोटे, थेट आमच्या घाटावरचे वाटावेत असे.
हात फिरवला. सपाट.
"मीटरले नव्वद. धुतलं का साफ."
बकऱ्या चढतात जी, मी म्हटलं.
"बकरीले काय समजते?"
समजतं. ओल्या प्लॅस्टिकवर
चार पाय चारीकडे गेले
की पहिले तिलाच समजतं.

गोंडाणे सरांकडे जुना फ्लेक्स होता, फुकटचा.
उलगडला तर प्रमुख पाहुणे, हात जोडलेले, हसणारे.
त्यांच्या तोंडावर चिखलाचे पाय कोण ठेवील?
शाळेची पोरं ठेवतील, उड्या मारून ठेवतील,
म्हणून गुंडाळून परत दिला.

बायको म्हणाली, "काईच नोका टाकू, लाकूड का वाईट हाये?"
लेक म्हणाली, "लाल फुलाचं आना."

जुना तट्ट्या मी चैत्रातच उपटला होता.
अकरा वर्षांचा, काळा पडलेला,
शिळ्या भाकरीसारखा हातात मोडत गेला.
खालच्या गाळात जे निघालं
ते धुऊन पत्र्यावर वाळत घातलं :
पेन्सिलीचे सात तुकडे,
कंगव्याचे दात, दोन शिंगाडे,
कोण्या लेकराच्या वाळ्यातला घुंगरू,
आणि बाळी. सोन्याची. एक.

सायत्राची.
घाटावर कोणालाही विचारा त्या बाळीचं.
नऊ वर्षांमागं हरवली, आणि तिनं नाव घेतलं
धाकट्या जावेचं, यमुनाचं.
चुली दोन झाल्या. अंगणात कूड उभा राहिला.
बाजाराला दोघी माझ्याच नावेतून जातात,
एक या टोकाला, एक त्या टोकाला,
मधे बकऱ्या.
आणि बाळी त्यांच्याच पायांखाली,
एक बोट खोल.

मग हिवराज बुरडाकडे गेलो.
कामट्या सोलता सोलता त्यानं विचारलं,
"फट केवढी ठेवू गा?"
पानी खाली गेलं पाह्यजे, मी म्हटलं,
आन वरून दिसलंबी पाह्यजे,
नाही तर उपसाचं कवा, कसं समजन?
"मंग बोटभर."
नाही.
हात खिशात गेला, तसाच रिकामा बाहेर आला.
नखाची कड दाखवली. एवढी.
"एवढ्या बारीक विनाले दोन दिस जास्त लागतीन."
लागू दे.

लेकीसाठी लाल फुलाचा हातभर तुकडा आणला,
ती उभी राहते तिथं, पुढच्या टोकाशी, चार खिळ्यांनी ठोकला.
तिथं बकऱ्या जात नाहीत.

शनिवारी नाव पाण्यात घातली.
सायत्रा पहिली चढली, चप्पल हातात,
तळव्यानं चटई चाचपत.
"बारीक विनलं गा या खेपी."
हो, म्हटलं.
मागून यमुना आली. बसते तिथंच बसली.
मी बांबू रोवला, काठ सोडला.

बाळी तंबाखूच्या डबीत आहे, चुन्याच्या कप्प्यात.
दिली की सांगावं लागेल कुठं सापडली,
आणि मग दोघी पहिले माझ्याकडे पाहतील
की एकमेकींकडे, ते मला ठरवता येत नाही.
पलीकडे पोचलो की देईन, असं शनिवारी म्हटलं.
आज मंगळवार.

नव्या कामट्या पायाला टोचतात म्हणतात सगळे.
बसतील चालून चालून.
फटींतून खाली पाणी दिसतं,
अजून थोडंच आहे.