मुंग्या

पहाटे सव्वापाच. निपाणीत अजून
वखारींचे पत्रे थंड,
आणि हवेत तो वास, जो इथं जन्मलेल्यांना येत नाही.
परगावचा कुणी शिंकला की आम्हाला कळतं,
माल उतरलाय.

इराण्णा सर शटर ढकलतात. "बेगा बा, बेगा."
नफिसा डबा उघडते.
डब्यावर फुटकी वीज, आत निळसर पूड,
कैरीला साबण लावावा तशी चव.
निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे,
म्हणून चमचा सपाट, बोटानं निरपून.

पाठीवरची बारीक अक्षरं मी वाचते,
बारावी सायन्स, अर्ध्यात सोडलेली.

कॅफिन.
अंगात दिवसभर थकव्याच्या चिठ्ठ्या फिरत असतात,
हे आधीच जाऊन पेटीच्या फटीत बसतं.
चिठ्ठी फाटत नाही.
बाहेर साचत राहते.

सिट्रुलिन. शिरा सैल होतात म्हणे,
उरसाच्या दिवशी दुकानं मागं सरकवावीत तशा,
आणि रक्त दंडात शिरतं. आरशात दंड फुगतो.
बारवरचं वजन काही आरशात बघत नाही.

क्रिएटिन मला आवडतं. बिनचवीचं, गडबड न करणारं.
तिकिटामागं लिहिलेले सुट्टे
खरंच परत करणारा कंडक्टर असतो ना एखादा,
तसं.
खर्चलेलं हातावर ठेवतं, पुढच्या उचलीपुरतं.

आणि मुंग्या.
आधी कानाच्या पाळ्या, मग ओठ, मग बोटं.
पहिल्या दिवशी मला वाटलं, आली ताकद!
मी नाचले थोडी. सर हसले.
"ते कातडीत आहे गं. ताकदीचा संबंध नाही.
बीटा-अ‍ॅलनिन रोज घे, महिनाभर घे,
मग स्नायूत साठतं, जळजळ मिनिटभर लांबवतं.
तुझी उचल तर चार सेकंदांची."

चार सेकंदांसाठी आम्ही एवढं खाजवून घेतो.

आईच्या बोटांना सत्तावीस वर्षं मुंग्या आहेत.
पान, जर्दा, दोरा, कात्री.
तिनं कुठलाच डबा उघडला नाही,
फक्त मिश्रीची चिमूट, काम सुरू करण्याआधी,
डाव्या तर्जनीनं, दातांवरून दोनदा.
मी तिला म्हटलं, हे तुझं प्री-वर्कआऊट.
ती म्हणाली, "काय वर्क? आणि आऊट कुठं?"

रविवारी चिकोडीत निवड आहे.
एकशे दहा किलो गुडघ्याखाली अडकतोय आठवडाभर,
म्हणून आज संध्याकाळीही घेतला चमचा,
सरांना न विचारता, नफिसाला न सांगता,
तोही सपाट नव्हता.
अडकला तो अडकलाच.
छातीत मात्र कुणीतरी जिने चढत होतं.

रात्रीचे दीड. जिने अजून संपलेले नाहीत.
आई दिव्याखाली सूप घेऊन बसलीय,
उद्याचे कट्टे द्यायचेत.
पंचवीस, दोरा. पंचवीस, दोरा.
मी डबा दाखवते. ती करंगळी बुडवून चाटते,
तोंड वाकडं करते, पदरानं जीभ पुसते.

"ह्यात जर्दा हाय?"
"नाही."
"मग तुला झोप का येत न्हाई?"

मी काही बोलत नाही.
सूप माझ्याकडं ओढते, पानं भिजवलेली, मऊ.
लहानपणी शिकलेलं बोटं विसरत नाहीत,
पहिली वाकडी होते, तिसरी जमते.
ती माझ्या तिसरीकडं बघते,
चिमटीत फिरवून बघते,
आणि आपल्या कट्ट्यात घालते.

कानाच्या पाळ्या आता गार पडल्यात.
बोटांतलं मात्र
डब्यातलं की सुपातलं
काही सांगता येत नाही.

अडीचच्या सुमाराला
दारात साचलेल्या चिठ्ठ्या एकदम आत पडल्या असाव्यात.
सकाळी उठले तेव्हा माझ्या हातातली कात्री
तिनं काढून ठेवली होती,
आणि घड्याळात सव्वापाच कधीच होऊन गेले होते.