टोकाचा ठिपका

सुगलाबाई बोरामणीहून येतात, सकाळच्या एसटीनं.
पिशवीत काडेपेटी,
काडेपेटीत कापसावर निजवलेल्या सहा माश्या.
"ह्यांचं नाव सांग.
नाव कळल्याबिगर शिवी तरी कशी द्यायची?"

मी नायनांचं भिंग उघडते.
पितळी, घडीचं.
साखर पेठेत चादरीच्या एका इंचात किती धागे
ते मोजणारं.
कारखाना बंद पडला, भिंग माझ्या टेबलावर आलं.

घरमाशीएवढीच. तांबूस.
पाठीवर दोन पिवळे पट्टे,
खांद्याला हळदीचं बोट लागल्यासारखं काही.
इथवर सगळ्या सख्ख्या बहिणी.

नायना म्हणायचे, चूक मधोमध शोधू नको,
किनारीत बघ.

पंखाची काळी किनार टोकापर्यंत अखंड असती
तर ही आंब्याची म्हणतात ती.
हिची मध्येच तुटलीय
आणि पार टोकाशी एकच ठिपका,
विणकराचा हात दुखून थांबावा तसा.
चेहऱ्यावर आडवी रेघ. दोन टिंबं नाहीत.
पेरूची.

मग त्या सापळ्याची बाटली उपडी करतात.
वासाला भुलून आलेल्या शंभरेक.
मी एकेक पोट तपासत जाते.
सुई कुणालाच नाही.

"निस्ते गडीच की गं!
आन् भोक पाडणारी?"

ती बाटलीत येत नाही, मावशी.

त्या पदर सावरतात,
पिशवीच्या तळातून एक पेरू काढतात.
पिवळा, घमघमणारा.
सालीवर टाचणी टेकवल्याएवढा डाग. बाकी काही नाही.

आत अळ्या. अळीला पंख नाहीत,
नाव विचारायचं कुणाला?
बरणीत वाळू, वाळूवर पेरू, तोंडाला मलमल.
मार्च. खिडकीवर ओलं पोतं.
मी रोज सकाळी चपला काढायच्या आधी बरणी बघते.

पंधराव्या दिवशी
मलमलीच्या आतून एक, पंख वाळवत.
पोटाच्या टोकाला सुई.
आधी उजवा पंख हलवते, मग डावा,
नवी चादर झटकून दाखवावी तशी.

फोन लावते. पलीकडे मोटारीची घरघर.
सापडली, म्हणते.
"कशी हाय दिसायला?"
ठिपका सांगते, रेघ सांगते,
आणि मग जरा अडते.

"देखणी असंल," त्याच म्हणतात.
"पेरूबी देखणाच हुता.
नाव सांग."

मी पुस्तकातलं सांगते, लांबलचक.
त्या दोनदा म्हणून बघतात.
"छ्या. शिवीत बसंना गं."