पोटखराबा

गट नंबर एकशे सत्तावीस, हिस्सा दोन.
क्षेत्र एकतीस गुंठे. आकार एक रुपया दहा पैसे.
पूर्वेस पाणंद, उत्तरेस इसाक सोलकर,
दक्षिणेस मशिदीच्या मालकीचे सात माड,
पश्चिमेस समुद्र.

नकाशा उलगडून आडबंदरच्या टोकाला उभा राहिलो
तेव्हा पश्चिम चालत चालत पाणंदीपर्यंत आली होती.
सातांतले दोन माड उभे,
त्यातल्या एकाची मुळं उघडी,
म्हाताऱ्यानं लुंगी वर धरून पाण्यातून जावं तशी.
इसाक पनवेलला गेला.
त्याचं घर त्याच्याबरोबर गेलं नाही, ते दुसरीकडे गेलं;
सुकतीला चौथरा दिसतो,
चुलीच्या जागेवर कालवं.

अर्जदार झुलेखाबी सोलकर, वय एकाहत्तर.
चहा दिला, आधीच माफी मागून:
"विहिरीचाच आहे. टँकर उद्या येतो."
खारट चहा मी तोवर प्यायलो नव्हतो.
साबणालाही फेस येत नाही, म्हणाली,
सगळा फेस तिकडे गेला.
हनुवटीनं तिनं तो दाखवला.

पूर्वी तिथी बघून यायचा.
अवसेला, पुनवेला,
बांधाशी थांबून, खाकरून.
आता भांगाच्या दिवसांतही येतो,
भर दुपारी,
भांडी घासायला बसलं की पाठीमागे उभा.

हद्दीचे दगड चार.
एक सापडला.
एक अश्रफच्या जाळ्यात आला होता,
त्यानं तो नांगर म्हणून होडीला बांधला.
उरलेल्या दोघांसाठी यंत्र घेऊन मी
कमरेइतक्या पाण्यात शिरलो.
वरून उपग्रह मला मोजत होते
बोटाच्या पेराइतकं बरोब्बर:
जिथे कडवे वाल पिकायचे, तिथेच होतो.

गडगा तीनदा बांधलेला.
पैसे मुलाचे. यासीन, कुवेत,
तेलाच्या टाक्यांवर वीस वर्षं.
तेलाचे चिरे झाले,
चिऱ्यांचा चुरा,
चुऱ्याची वाळू, आणि पुन्हा फोन.
"तिकडे पाना हातात धरवत नाही म्हणतो.
दुपारचं काम बंद ठेवतात.
तो विचारतो, पाणी कुठवर आलं?
मी विचारते, ऊन कुठवर आलं?
दोघं एकमेकांना थोडं कमी करून सांगतो."
मी काही बोललो नाही.
ओट्याशी लावलेली माझी मोटारसायकल
टिक टिक करत अजून निवत होती.

मग रकाने.
पिकत नाही त्या जमिनीला आम्ही पोटखराबा लिहितो.
ही पिकत नाही असं नाही,
ही नाही.
नसलेल्या जमिनीला रकाना नाही.

"त्याचंच नाव लाव ना सरळ," बाई म्हणाली,
"कूळ म्हणून.
कसेल त्याची जमीन, तुमचाच ना कायदा?
माझ्या सासऱ्यानं त्याच कायद्यानं
खोताकडून सोडवली ही.
हा तर रोज दोनदा येतो,
नांगरून जातो.
एक दिवस खाडा नाही.
सारा त्याच्याकडून घे."

ती हसली नाही. मीच हसलो,
आणि ते वाईट दिसलं.

रुमालाची गाठ सोडून तिनं दोन रुपये दिले.
माझ्याकडे नव्वद पैसे कुठले असणार.
"राहू दे," म्हणाली, "पुढच्या सालात धर."

निघताना सापडलेला तो एक दगड
कुठे रोवायचा, हे तिनं विचारलं.
नियमात बसत नाही, तरी मी तो उचलला,
ओला, शेवाळलेला, बाळासारखा जड,
आणि न्हाणीघराच्या मागे,
जिथे अजून कोरडी माती होती, तिथे ठेवला.

ती बघत राहिली. मग म्हणाली,
"अजून वर घाल.
पुन्हा यायचा त्रास नको तुला."